महाविद्यालयीन मैदानाचा गेम खेळाडूच्या बाजूचा हवा : परभणी जिल्ह्यातील खेळाडू विद्यार्थ्यांचे मागणीपत्र

प्रति,
१. मा. प्रधान सचिव, उद्योग विभाग, महाराष्ट्र शासन, मुंबई
२. मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे
३. मा. कुलगुरू, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड
४. मा. कुलगुरू, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी
५. महाराष्ट्रातील व्हिडिओ गेम बनवणाऱ्या सर्व कंपन्या

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, परभणी

विषय : महाविद्यालयीन कबड्डी व खो-खो यांवर शासकीय साहाय्याने व्हिडिओ गेम तयार झाल्यास त्यातील मोड कसे असावेत आणि खेळाडूंचे हक्क कसे राखावेत, याबाबत.

महोदय / महोदया,

परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, सेलू, जिंतूर, पूर्णा आणि पालम या नऊ तालुक्यांतल्या महाविद्यालयांत शिकणारे आम्ही कबड्डीपटू, खो-खोपटू आणि मोबाइलवर गेम खेळणारे विद्यार्थी आहोत. आमच्यातले बरेच जण संध्याकाळी मैदानावर असतात आणि रात्री मोबाइलवर. त्यामुळे दोन्हीकडची गरज आम्हाला ठाऊक आहे आणि त्याच अनुभवातून हे मागणीपत्र आम्ही तयार केले आहे.

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि कॉमिक्स या क्षेत्रांसाठीचे धोरण मंजूर केले. त्यासाठी ३,२६८ कोटी रुपयांचा आराखडा आहे. त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. म्हणजे या क्षेत्रात सरकारी पैसाही येणार आहे आणि कायद्याची चौकटही आली आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ आणि सुपरगेमिंगने २०२४ मध्ये ‘इंडस’ हा गेम बाजारात आणला, तेव्हा ही कामे महाराष्ट्रात होऊ शकतात याबद्दल शंका उरलेली नाही. उद्या कबड्डीवर, खो-खोवर मोठा गेम निघेल. तो निघावा ही आमचीच इच्छा आहे. मात्र त्याचा साचा कुठे तरी बंद खोलीत ठरण्याआधी ज्यांच्या खेळावर तो उभा राहणार आहे, त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

आमची भूमिका सरळ आहे. महाविद्यालयीन खेळावरचा गेम त्या खेळाडूच्या खऱ्या आयुष्याशी इमान राखणारा हवा, त्यात ताकद पैशाने विकत मिळता कामा नये, आणि ज्याच्या नावावर व चेहऱ्यावर गेम चालतो त्याला त्याचा वाटा मिळालाच पाहिजे. पुढच्या सगळ्या मागण्या या भूमिकेतून आल्या आहेत.

अभ्यासासाठी घेतलेला गेम

महाविद्यालयीन खेळावरचा जगातला सर्वांत मोठा गेम अमेरिकेत आहे : ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल’. अमेरिकन फुटबॉलमध्ये लंबगोल चेंडू हातात घेऊन समोरच्याच्या हद्दीत घुसायचे आणि समोरच्याने अंगावर येऊन पाडायचे असते. त्यामुळे चढाई आणि पकड जाणणाऱ्याला तो खेळ परका वाटत नाही. १९ जुलै २०२४ रोजी या मालिकेचा ‘२५’ क्रमांकाचा गेम आला. त्यात वरच्या श्रेणीतली सर्व १३४ विद्यापीठे आपापल्या गणवेशासह, मैदानांसह आणि घोषणांसह आहेत. जुलै २०२५ मध्ये ‘२६’ आला. हे गेम फक्त महागड्या कन्सोलवर चालतात. आपल्याकडे अशा एका कन्सोलची किंमत पन्नास हजारांच्या घरात जाते. म्हणून आमच्यापैकी मोजक्यांनीच तो हाताने खेळला आहे. बाकीच्यांनी खेळणाऱ्यांच्या चित्रफिती पाहून, एकेका मोडवर चर्चा करून मत बनवले आहे. जे चांगले दिसले ते घ्यावे, जे घातक दिसले ते दारातच थांबवावे आणि जे आपल्याकडे लागू पडत नाही ते बदलावे, असे आमचे म्हणणे आहे.

एक : ‘डायनॅस्टी’ मोड – प्रशिक्षकाचा गेम

या मोडमध्ये खेळणारा प्रशिक्षक होतो. तीस हंगामांपर्यंत संघ चालवतो, शाळांतून मुले हेरतो, त्यांना आपल्या विद्यापीठात यायला राजी करतो. मुलगा कोणते विद्यापीठ निवडेल हे चौदा गोष्टींवर ठरते. खेळायला किती मिळेल, शिक्षणाचा दर्जा काय, प्रशिक्षक टिकणारा आहे का, सोयी कशा आहेत, घरापासून अंतर किती, अशा त्या गोष्टी आहेत. ही रचना आम्हाला मनापासून आवडली. मुलगा किंवा मुलगी संघ निवडताना कशाकशाचा विचार करते हे गेम बनवणाऱ्यांनी गांभीर्याने घेतले आहे.

पण हा मोड जसाच्या तसा उचलला तर तो आपल्याकडे खोटा ठरेल. अमेरिकेत संस्थेचा संघ राष्ट्रीय विजेतेपदापर्यंत त्याच नावाने जातो. आपल्याकडे महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपर्यंत जातो. तिथून पुढे निवड समिती खेळाडू उचलते आणि विद्यापीठाचा संघ बनतो. मग तोच खेळाडू विद्यापीठाची जर्सी घालून पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत, राज्याच्या अश्वमेध क्रीडा महोत्सवात आणि पुढे खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत उतरतो. कालपर्यंत जो पाथरीच्या संघातून गंगाखेडच्या कोपरारक्षकाला चकवत होता, तो आज त्याच कोपरारक्षकाच्या खांद्याला खांदा लावून उभा असतो. आपल्या विद्यापीठीय खेळाची खरी गंमत आणि खरी कसोटी इथेच आहे. एका आठवड्याच्या सराव शिबिरात कालच्या प्रतिस्पर्ध्यांची साखळी जुळवायची असते.

खेळाडू हेरण्याची आपली जागाही वेगळी आहे. इथे मुले सापडतात ती गावच्या जत्रेत, रात्री दिव्यांखाली रंगणाऱ्या कबड्डीच्या सामन्यांत आणि शाळेच्या १९ वर्षांखालील तालुका स्पर्धांत. महाविद्यालयाचे क्रीडा संचालक दुचाकीवरून अशा सामन्यांना जातात, मुलाच्या वडिलांशी बोलतात, वसतिगृहाची आणि शुल्काची हमी देतात, तेव्हा कुठे एक चढाईपटू महाविद्यालयात येतो.

मागणी १ : प्रशिक्षकाच्या मोडमध्ये महाविद्यालय आणि विद्यापीठ असे दोन टप्पे असावेत. पहिल्या टप्प्यात खेळणारा महाविद्यालयाचा क्रीडा संचालक असेल, दुसऱ्यात विद्यापीठ संघाचा प्रशिक्षक.

मागणी २ : खेळाडूच्या निवडीमागच्या गोष्टींत घरापासूनचे अंतर, शुल्क व शिष्यवृत्ती, वसतिगृह, मुलींसाठी प्रवासाची सोय आणि जत्रेतले सामने यांना खरे वजन असावे.

मागणी ३ : महिला संघ पहिल्या दिवसापासून गेममध्ये असावेत. पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर बाय १० मीटर असते, महिलांचे १२ बाय ८. अंतर कमी झाले की चढाईची लांबी, कोपऱ्याची जागा, पकडीची वेळ सगळेच बदलते. पुरुष खेळाडूच्या आकृतीला वेणी लावून महिला संघ झाला, असे चालणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या महिलांनी आणि पुरुषांनी, दोघांनीही जिंकला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. मैदानावर जे बरोबरीने आहे ते गेममध्येही बरोबरीने दिसले पाहिजे.

दोन : ‘रोड टू ग्लोरी’ मोड – एका खेळाडूची वाटचाल

इथे खेळणारा एकच खेळाडू घडवतो. सुरुवात पंचतारांकित म्हणून करता येते किंवा दोनच तारे मिळालेला, कुणी फारसा न हेरलेला मुलगा म्हणूनही. दर आठवड्याला ऊर्जा मर्यादित असते. ती अभ्यास, सराव, तब्येत, नेतृत्व आणि स्वतःचे नाव कमावणे यांत वाटायची. अभ्यासाकडे दुर्लक्ष झाले की गुण घसरतात. प्रशिक्षकाचा विश्वास कमावल्याशिवाय पहिल्या संघात जागा मिळत नाही. शरीराच्या कोणत्या भागाला किती मार बसला याचीही नोंद राहते. ‘२६’मध्ये ही वाटचाल शाळेपासून सुरू होते.

आमच्या मते या मालिकेतला सर्वांत मोलाचा मोड हाच. तरीही त्यात फक्त मोजक्या जागांवरचे खेळाडू घडवता येतात. ज्यांचे हात चेंडूला लागत नाहीत, जे फक्त वाट अडवून धरतात, त्यांची वाटचाल या मोडमध्ये नाही. कबड्डीत असे झाले तर मोठा अन्याय होईल. चढाईपटूचे नाव प्रेक्षकांच्या तोंडी असते, पण सामना धरून ठेवतात ते कोपऱ्यातले आणि मध्यातले रक्षक.

हे नेमके कसे घडते ते सांगतो. दोन चढाया रिकाम्या गेल्या, आता तिसरी. गुण आणला नाही तर चढाईपटू बाद. हातात तीस सेकंद. समोर सहा जण, डाव्या कोपऱ्याने शेजारच्याचा पंजा घट्ट धरलेला. चढाईपटू दम घेत निदान रेषा ओलांडतो, उजवीकडे झुकतो, बोनसला पाय टाकल्याचे दाखवतो. उजवा कोपरा हलत नाही, कारण त्याला माहीत आहे की हा पाय फसवा आहे. डावा कोपरा मात्र अर्धे पाऊल पुढे येतो. त्याच अर्ध्या पावलाची चढाईपटू वाट पाहत असतो आणि त्या अर्ध्या पावलाने तो फसावा म्हणून मधला रक्षक दबा धरून असतो. घोटा हातात आला की साखळी मागून मिटते. या सगळ्यात दम सुटता कामा नये. पंचाला ‘कबड्डी कबड्डी’ ऐकू आले नाही तर चढाई तिथेच संपली. पाय, नजर आणि श्वास अशा तिन्ही ठिकाणी ही झुंज चालते. नुसते बटण दाबून झेप मारायला लावणारा गेम यातले काहीच दाखवू शकणार नाही.

आता मैदानाबाहेरचे. अमेरिकन खेळाडूच्या आठवड्यात ऊर्जेची वाटणी आहे, तशी आमच्या आठवड्यातही आहे, पण तिची खाती निराळी आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे दिवस बहुधा सोयाबीनच्या काढणीत आणि कापसाच्या वेचणीत येतात. घरात हात कमी असले की सरावाला दांडी ठरलेली. मुलींची अडचण याहून कठीण. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे, त्याचा आधार मोठा आहे. पण सराव सहाला संपला आणि गावाकडची मुक्कामी गाडी त्याआधीच निघून गेली तर सवलतीच्या तिकिटाचा काही उपयोग होत नाही. मग खेळ सुटतो. अशा कितीतरी मुलींच्या बाबतीत खेळ कौशल्याअभावी सुटत नाही, गाडीच्या वेळेमुळे सुटतो. गेममध्ये हे दिसले तर मुंबई-पुण्यात बसून खेळणाऱ्यालाही ते कळेल आणि धोरण ठरवणाऱ्यालाही.

मातीचा आणि मॅटचा प्रश्नही इथेच येतो. आम्ही वाढतो काळ्या-तांबड्या मातीवर, अनवाणी. निवड होते मॅटवर, बूट घालून. मातीत पाय रुतवून पकड करणाऱ्याचा मॅटवर बूट अडकतो, वळताना गुडघा जातो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला की वर्ष जाते, कधी खेळच जातो.

मागणी ४ : खेळाडूच्या मोडमध्ये कबड्डीच्या सातही जागा आणि खो-खोमध्ये पाठलाग करणारे व संरक्षण करणारे, दोघेही निवडता यावेत. खुंटावरचा सूर मारणाऱ्याइतकेच महत्त्व आपली पाळी पूर्ण खेळून काढणाऱ्या संरक्षकाला मिळावे.

मागणी ५ : कबड्डीत दम ही खेळणाऱ्याने सांभाळायची गोष्ट असावी. साखळी, हातात हात धरणे आणि फसव्या हालचाली यांना स्वतंत्र नियंत्रण असावे.

मागणी ६ : आठवड्याच्या नियोजनात सत्र परीक्षा, उपस्थिती, शेतीची कामे आणि प्रवास यांचा समावेश असावा. अडचण आली म्हणून खेळाडू कायमचा बाद होऊ नये. वसतिगृह मिळवणे, सरावाची वेळ बदलून घेणे, गाडीची वेळ बदलण्यासाठी सामूहिक अर्ज करणे असे खरे मार्ग त्यात असावेत.

मागणी ७ : माती आणि मॅट यांवरची कौशल्ये वेगळी मोजावीत. दुखापतीनंतर विश्रांती आणि उपचार टाळून खेळाडू उतरवला तर त्याचे परिणाम दिसावेत.

मागणी ८ : वाटचालीचा शेवट एकाच शिखरावर असू नये. प्रो कबड्डीच्या लिलावात नाव येणे हा एक शेवट. रेल्वेत किंवा पोलिसांत भरती होणे, शासकीय नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातून लागणे, बी.पी.एड. करून गावच्या शाळेत नवा संघ उभा करणे हेही शेवट आहेत आणि गेमने त्यांना हार समजू नये. आमच्यातल्या बहुतेकांचे आयुष्य याच वाटांनी जाणार आहे.

तीन : ‘अल्टिमेट टीम’ मोड – पत्त्यांच्या पाकिटांचा बाजार

या मोडमध्ये खेळाडू पत्त्यांच्या रूपात येतात. पत्ते बंद पाकिटांत असतात. पाकिटे गेममध्ये कमावलेल्या नाण्यांनी घेता येतात, तशीच खऱ्या पैशांनीही. आत कोणता खेळाडू निघेल हे नशिबावर अवलंबून असते. भारी पत्ता निघेपर्यंत माणूस पाकिटे फोडत राहतो.

याला आमचा ठाम विरोध आहे. घरातला यूपीआय बहुतेक ठिकाणी एकाच फोनवर असतो आणि तो फोन सगळ्यांच्या हातात फिरतो. दहा-वीस रुपयांच्या पाकिटांनी महिन्याचा किराणा कधी गेला हे कळतही नाही. बेल्जियमने २०१८ मध्ये असल्या नशिबाच्या पेट्यांना जुगाराच्या कायद्याखाली आणले आणि २०१९ मध्ये ईए या कंपनीला तिथे स्वतःच्या सॉकरच्या गेममधली ही विक्री थांबवावी लागली. आपल्या २०२५ च्या कायद्याने पैसे लावून जिंकण्याच्या गेमवर बंदी आहे. मात्र पाकिटात पैसे परत जिंकायचे नसतात, पत्ताच मिळतो, असा युक्तिवाद करून कुणी मागच्या दाराने येऊ नये, यासाठी अट स्पष्ट शब्दांत हवी.

शिवाय हा प्रश्न खेळाच्या तत्त्वाचाही आहे. कबड्डी हा बिनभांडवली खेळ आहे. बॅट नाही, चेंडू नाही, जाळे नाही. गरिबाच्या पोराला तो परवडतो म्हणूनच तो खेड्यापाड्यांत टिकला. ज्याच्या खिशात पैसे त्याची चढाई जोरात, असा कबड्डीचा गेम निघाला तर तो या खेळाच्या मुळावरच घाव ठरेल.

मागणी ९ : शासकीय साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही खेळविषयक गेममध्ये खऱ्या पैशांनी घ्यायची, आत काय आहे ते न सांगणारी पाकिटे किंवा पेट्या असू नयेत. खेळाडूची ताकद वाढवणारी कोणतीही गोष्ट विकू नये. गेमची किंमत एकदाच घ्यावी आणि ती सुरुवातीलाच सांगावी. राज्यातल्या विद्यार्थ्यांना सवलत असावी.

चार : ऑनलाइन स्पर्धेचा मोड

अमेरिकन गेममध्ये ‘रोड टू द कॉलेज फुटबॉल प्लेऑफ’ नावाचा मोड आहे. आपल्या आवडीचे विद्यापीठ निवडायचे, देशभरातल्या खेळणाऱ्यांशी लढायचे, क्रमवारीत चढत विजेतेपदाच्या फेरीत जायचे. प्रत्येक विजय आपल्या संस्थेच्या नावावर जमा होतो, ही कल्पना चांगली आहे. आपल्याकडे तालुका, जिल्हा, विद्यापीठ, राज्य अशी स्पर्धांची उतरंड आधीच आहे. हा मोड तिच्यावर सहज बसेल. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली आणि हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदके होती. म्हणून हा दरवाजा आमच्यासाठीही उघडला पाहिजे.

अडचण आहे ती जोडणीची. पालम किंवा सोनपेठ तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर भारनियमनाच्या वेळी नेटवर्कची एक कांडीही दिसत नाही. सामना चालू असताना जोडणी तुटली आणि पराभव नोंदला गेला तर तो पराभव खेळणाऱ्याचा म्हणता येणार नाही.

मागणी १० : गेम साध्या अँड्रॉइड फोनवर चालावा. एका खोलीत बसलेल्या मुलांना इंटरनेटशिवाय, फोन एकमेकांना जोडून खेळता यावे. जोडणी तुटल्यास सामना जिथे थांबला तिथून सुरू व्हावा. करिअरचे सर्व मोड ऑफलाइन पूर्ण करता यावेत.

मागणी ११ : सत्र परीक्षांच्या काळात क्रमवारीच्या स्पर्धा बंद ठेवाव्यात आणि रोजच्या खेळाला वेळेची मर्यादा ठेवण्याची सोय गेममध्येच असावी. ही सोय आम्ही स्वतः मागत आहोत, पालकांच्या भीतीपोटी नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पळायचे असते म्हणून.

पाच : ‘टीम बिल्डर’ आणि मैदानाचे वातावरण

ज्यांची संस्था गेममध्ये नाही त्यांना स्वतःचा संघ बनवता यावा म्हणून ‘टीम बिल्डर’ आहे. नाव, चिन्ह, रंग, गणवेश सगळे आपण ठरवायचे. महाराष्ट्रातल्या शेकडो महाविद्यालयांशी कोणतीही कंपनी एकेक करार करणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून आमच्यासाठी हा भाग चैनीचा नाही. जिंतूर किंवा पूर्णा इथल्या महाविद्यालयाला गेममध्ये येण्याचा तोच एक रस्ता असेल.

त्या गेमचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे घरच्या मैदानाचा दबाव. प्रेक्षकांचा गलका वाढला की पाहुण्या संघाच्या खेळणाऱ्याला पडदा हलताना दिसतो, सूचना नीट दिसत नाहीत. आमच्याकडे रेषेला चिकटून बसलेली गर्दी, हलगीचा ठेका आणि कठड्यावर चढलेली पोरे यांचा दबाव मोठ्या स्टेडियमपेक्षा कमी नसतो, कारण प्रेक्षक चढाईपटूपासून चार हातांवर असतो.

मागणी १२ : संघ बनवण्याची सोय मोफत आणि मराठीत असावी, जर्सीवर देवनागरी नावे व आकडे यावेत. समालोचन मराठीत असावे आणि त्यात मराठवाडी, खानदेशी, वऱ्हाडी, कोकणी अशा बोलींचे आवाज असावेत. गावच्या मैदानाचे ध्वनी प्रत्यक्ष सामन्यांतून मुद्रित करावेत.

सहा : नाव, चेहरा आणि मोबदला

अमेरिकन गेमच्या इतिहासातला हा भाग आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ही मालिका २०१३ मध्ये बंद पडली होती. एड ओबॅनन या माजी महाविद्यालयीन बास्केटबॉलपटूला एका गेममध्ये हुबेहूब आपल्यासारखा खेळाडू दिसला. नाव नव्हते, पण संघ, अंगकाठी, खेळण्याची ढब सगळे त्याचे. परवानगी नाही, मोबदला नाही. २००९ मध्ये तो न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला. २०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना आपले नाव आणि प्रतिमा यांचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, त्यानंतरच हा गेम परत येऊ शकला. २०२४ मध्ये अकरा हजारांहून अधिक खेळाडूंनी संमती दिली. प्रत्येकाला ६०० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे पन्नास हजार रुपये, आणि गेमची प्रत मिळाली. पुढच्या वर्षी ही रक्कम १,५०० डॉलर झाली. खेळाडूंच्या हक्कापोटी अकरा वर्षे एक लोकप्रिय मालिका बंद राहिली. तो धडा आपल्याला फुकट मिळतो आहे, तो सुरुवातीलाच घ्यावा.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात वैयक्तिक माहिती वापरण्यासाठी सर्वसाधारणपणे संमतीची आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. कनिष्ठ महाविद्यालयातले आमचे बहुतेक खेळाडू अठराच्या आतले आहेत.

मागणी १३ : खऱ्या खेळाडूचे नाव, चेहरा, शैली किंवा आकडेवारी वापरायची असल्यास त्या खेळाडूची मराठीत, समजेल अशा भाषेत लेखी संमती घ्यावी. अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी पालकांची संमती घ्यावी. महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने खेळाडूच्या वतीने परस्पर सही करू नये. स्पर्धेच्या प्रवेश अर्जात ही संमती लपवू नये आणि संमती न दिल्यास निवडीवर परिणाम होऊ नये.

मागणी १४ : प्रत्येक खेळाडूला, चढाईपटू असो वा राखीव, समान किमान मोबदला मिळावा. संमती मागे घेण्याचा हक्क असावा आणि ती मागे घेतल्यावर ठरावीक मुदतीत नाव काढले जावे.

सात : नोंदी आणि मैदाने

अमेरिकन गेम इतका भरीव होऊ शकला कारण त्यांच्याकडे दशकानुदशकांच्या नोंदी आहेत. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या नोंदी दोन ठिकाणी विभागल्या आहेत. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले तेव्हापासून १९९४ पर्यंतच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, आणि नांदेडचे विद्यापीठ झाल्यानंतरच्या नांदेडला. गुणतक्ते, संघाच्या याद्या, निवडीचे कागद अजून कपाटांत आहेत तोवर ते जपले पाहिजेत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखवले, १९९० मध्ये कबड्डी आशियाई स्पर्धेत आली, हे सर्वांना सांगता येते. परभणी जिल्ह्यातून त्या काळात कोण खेळले, हे मात्र कपाटातल्या त्या कागदांतूनच कळणार आहे.

आणि शेवटी, मैदान. गेम आला म्हणून मैदानावरचा खर्च कमी झाला, असे होऊ नये. ज्या मुलाला मॅटवर सराव मिळत नाही त्याला मोबाइलवरची मॅट देऊन समाधान करणे आम्हाला मान्य नाही.

मागणी १५ : नांदेडच्या विद्यापीठाने १९९४ पासूनच्या आणि शक्य तिथे त्याआधीच्या क्रीडा नोंदींचे डिजिटायझेशन करावे. त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवाव्यात.

मागणी १६ : ई-स्पोर्ट्स व गेमसाठीचा निधी वेगळा असावा. मैदानी खेळांच्या तरतुदीतून तो वळवू नये. गेमला मिळणाऱ्या शासकीय साहाय्याचा एक हिस्सा प्रत्येक तालुक्यात किमान एक मॅट, प्रकाशयोजना आणि मुलींसाठी सुरक्षित कपडे बदलण्याची खोली यांसाठी राखून ठेवावा.

कार्यवाहीबाबत

वरील मागण्यांवर विचार करण्यासाठी तीन महिन्यांच्या आत एक समिती नेमावी. तिच्यात उद्योग विभाग, क्रीडा विभाग, दोन्ही विद्यापीठे, गेम बनवणाऱ्या कंपन्या आणि खेळाडू यांचे प्रतिनिधी असावेत. खेळाडू प्रतिनिधींत निम्म्या मुली असाव्यात. गेमचा कच्चा आराखडा तयार झाल्यावर तो ग्रामीण महाविद्यालयांत, साध्या फोनवर, प्रत्यक्ष खेळाडूंकडून तपासून घ्यावा. या तपासणीसाठी आमची संघटना जिल्ह्यातल्या नऊही तालुक्यांतून खेळाडू उपलब्ध करून देईल. चढाईची लय, पकडीचे प्रकार, खो-खोतल्या दिशा आणि सूर यांचे प्रात्यक्षिक देण्यासही आम्ही तयार आहोत. समितीकडे पैसे किंवा मानधन आम्ही मागत नाही. आमचे म्हणणे नोंदवून घ्यावे आणि जी मागणी नाकारली जाईल तिचे कारण लेखी कळवावे, एवढीच विनंती आहे.

मागण्यांपैकी क्रमांक ३, ९, १३ आणि १६ यांबाबत आम्ही तडजोड करणार नाही. मुलींची बरोबरी, पाकिटांवरची बंदी, खेळाडूची संमती आणि मैदानाचा निधी या चार गोष्टी मान्य नसतील तर अशा गेमसाठी आमच्या संघटनेचा कोणताही खेळाडू नाव, चेहरा किंवा वेळ देणार नाही, असा ठराव आम्ही एकमताने केला आहे. बाकीच्या मागण्यांच्या तपशिलावर बसून बोलण्याची आमची तयारी आहे.

या मागणीपत्रावर सहानुभूतीने विचार करून लवकरात लवकर बैठकीची वेळ कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,

अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी
व नऊ तालुक्यांचे प्रतिनिधी,
महाविद्यालयीन खेळाडू विद्यार्थ्यांची संघटना,
परभणी जिल्हा

प्रत माहितीसाठी : मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, परभणी. जिल्ह्यातील सर्व महाविद्यालयांचे प्राचार्य व क्रीडा संचालक.